पेन्सिलीनं लिहिलेले अर्थ

आठ महिन्यांनी पुस्तक परत आलं. मधल्या काळात ते चार घरं फिरलं. मी मैत्रिणीला दिलं, तिनं माझ्या बहिणीला, बहिणीनं तिच्या जावेला, आणि तिथून फिरत फिरत ते वहिनीकडे पोचलं. गेलं तेव्हा कोरं करकरीत होतं. आलं तेव्हा कोपरे मऊ पडले होते, कण्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि अंगानं ते जरा फुगलं होतं. टेबलावर ठेवलं तर मिटून राहीना. आपोआप उघडलं, पान दोनशे बारावर. मी हातानं मिटलं, पुन्हा ठेवलं, तर पुन्हा तेच पान. एखादं पान कुणी खूप वेळ उघडं धरून बसलं की कण्याला त्या जागेची सवय लागते.

पान न वाचताच मी धरून चालले की हे बाविसावं प्रकरण असणार.

बाविसाव्या प्रकरणात ते दोघं पहिल्यांदा एकत्र येतात. चांगली अकरा पानं आहेत आणि दार कुठेही लोटलेलं नाही. ज्याला आजकाल 'स्पायसी' म्हणतात तशी ही इंग्रजी कादंबरी. वाचक अशा पुस्तकांना मिरच्या देतात, हिला पाचपैकी चार सहज मिळतील. वर मुखपृष्ठ असं की काही कळू नये. फिक्या रंगातली गोड चित्रं, एक सायकल, दोन हसरे चेहरे. पूर्वी या पुस्तकांवर उघड्या छातीचा नायक असायचा, निदान आत काय आहे ते बाहेर कळायचं. आता मुखपृष्ठ बघून कुणीही उचलतं. म्हणूनच पुस्तक वहिनीकडे गेल्याचं कळल्यावर मी तिला मुद्दाम फोन केला होता. म्हटलं, "वहिनी, बाविसावं प्रकरण जरा मोकळं आहे हं. नको वाटलं तर सोडून दे, पुढचं समजतं." ती "बरं" म्हणाली. पुढे काही बोलली नाही. तिला आता बासष्ट पूर्ण होतील. ती आमच्या घरात आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या वेण्या तीच घालायची. जिनं मला वाढवलं तिला मी सांगत होते की अमुक पानं तू वाचू नकोस.

पण दोनशे बारा हे पान बाविसाव्या प्रकरणातलं नव्हतंच. ते पंचविसाव्यातलं निघालं. नायिकेची आई गेली आहे. तिसरा दिवस. तो तिच्या घरी येतो तेव्हा ती जमिनीवर बसलेली असते, समोर आईचे कागद, औषधांची पाकिटं, बँकेची पासबुकं, आणि फोन सारखा वाजतोय. तो तिला जवळ घेत नाही. समोर उकिडवा बसतो आणि विचारतो, "हे मी करू, की तू करशील आणि मी नुसता बसू?" ती म्हणते, "नुसता बस." आणि तो बसतो. पुढचं दीड पान तो काहीच करत नाही. ती एकेक कागद लावते, मध्येच थांबते, पुन्हा लावते. त्या पानाच्या समासात फिकट पेन्सिलीनं बारीक मराठी शब्द लिहिलेले होते. अक्षर वहिनीचं. ती शिरोरेघ न देता लिहिते, माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव घालायची तेव्हापासून तसंच. 'लिंगर'वर लिहिलं होतं 'रेंगाळणे'. आणि त्या वाक्याखाली, "नुसता बसू"च्या खाली, एक सरळ रेघ.

त्या रेघेनं मला दोन आठवडे स्वस्थ बसू दिलं नाही.

मी या कादंबऱ्या पुष्कळ वाचते आणि त्याबद्दल मला कुणाची माफी मागावीशी वाटत नाही. पण त्यांच्याबद्दल बोलताना आपण दोन वेगवेगळे डबे करून ठेवलेत. हे पुस्तक 'स्पायसी', ते 'इमोशनल'. एकात अंग तापणार, दुसऱ्यात डोळे ओले होणार. आपल्याकडच्या जुन्या काव्यशास्त्रानं असे डबे केले नव्हते. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगार हा एकच रस आहे, त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, रती, आणि त्याची दोन अंगं सांगितली आहेत: संभोग आणि विप्रलंभ. मीलन आणि ताटातूट. कॉलेजात हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता इतक्या वर्षांनी, पाचशे पानांच्या आधुनिक कादंबऱ्या वाचताना ते पटत चाललंय. ज्या लेखिकेला ताटातूट लिहिता येते, तिलाच मीलन लिहिता येतं. लेखणी तीच आणि नजरही तीच.

त्या मिरच्यांबद्दल माझी तक्रार आहे. त्या किती दाखवलं ते सांगतात, त्यानं काय झालं ते सांगत नाहीत. मी अशी पुस्तकं वाचलीत की ज्यांत दर तीस पानांनी शय्येचा प्रसंग येतो, आणि प्रत्येक प्रसंग उचलून दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात ठेवला, नावं तेवढी बदलली, तर कुणाला पत्ता लागणार नाही. कुणाचं कोपर कुणाला लागत नाही, कुणी हसत नाही, कुणाला संकोच वाटत नाही. दोन शरीरं आहेत, माणसं खोलीबाहेर गेलेली आहेत. अशी पानं मी भराभर उलटते, आणि ती अश्लील वाटतात म्हणून अजिबात नाही. त्यांत काही घडतच नाही. प्रसंगाआधी ती दोघं जिथे होती, तिथेच प्रसंगानंतर असतात.

बाविसाव्या प्रकरणात उलट आहे. नायिकेच्या पोटावर शस्त्रक्रियेची जुनी खूण आहे, बेंबीच्या बाजूनं खाली गेलेली, आणि तिनं ती आजवर कुणाला दाखवलेली नाही. खोलीत अंधार आहे. तो विचारतो, "दिवा लावू, की असू दे?" आणि लेखिका उत्तराची घाई करत नाही. पान-दीड पान नायिका विचार करते. तिला त्याचा चेहरा बघायचा आहे, पण त्यासाठी स्वतःला दाखवावं लागणार. शेवटी ती स्वतः हात लांब करून दिवा लावते. पुढच्या दहा पानांत जे आहे ते आहेच, आणि चांगलंच लिहिलंय. पण सगळ्या पुस्तकातली सर्वांत तापलेली जागा कुठली म्हणाल तर तो दिव्याच्या बटणापर्यंत गेलेला हात. तिथे माझा श्वास थांबला होता. कपडा एकही निघालेला नसताना.

आता ही सगळी पुस्तकं हाती येण्याआधीच अर्धी ठाऊक असतात. शत्रुत्वातून प्रेम, खोटंखोटं नातं, एकच पलंग असलेली खोली, आतल्या आत जळणारा स्लो बर्न, दुसरी संधी. वाचक या साच्यांना ट्रोप म्हणतात आणि ट्रोप बघूनच पुस्तक निवडतात. शेवटही ठाऊक असतो. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं रोमान्सची व्याख्याच तशी केली आहे: मध्यवर्ती प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशेचा शेवट. हे ऐकून बरेच जण नाक मुरडतात. शेवट माहीत असेल तर वाचायचं कशाला? मला यात काही कमीपणा दिसत नाही. शेवट सुरक्षित आहे म्हटल्यावर मधलं दुःख निर्धास्तपणे, सगळं बघता येतं. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या एका शहरातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून 1984 साली एक पुस्तक लिहिलं. त्यातल्या काही जणी शेवट आधी वाचून खात्री करून घ्यायच्या. आणि त्यांच्या सांगण्यातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. वाचत बसणं हेच त्यांच्यासाठी मोठं होतं. दिवसभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईनं पुस्तक समोर धरलं, याचा अर्थ आता थोडा वेळ मला हाक मारू नका. त्या कशा प्रकारचा नायक मागत होत्या? कोवळ्या मनाचा, लक्ष देणारा. बाई घरातल्या सगळ्यांकडे लक्ष देते. कथेत कुणीतरी तिच्याकडे देतं.

शेवटाला माझी हरकत नाही, पण शेवटाआधीच्या त्या ठरलेल्या भांडणाला आहे. पुस्तकाचा पाऊण भाग संपला की दोघांना वेगळं करायचंच, असा जणू नियम झालाय. कुणीतरी अर्धवट काहीतरी ऐकतं, गैरसमज करून घेतं, निघून जातं. एका फोननं मिटलं असतं ते चाळीस पानं चालतं. आणि नायकाचा आघात! प्रत्येकाचं बालपण करपलेलं, प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं, आणि नायिकेच्या प्रेमानं ते सगळं बरं होणार. दुःख हे असं तोंडी लावायला वापरलेलं मला सहन होत नाही. माणूस गेल्याचं दुःख कुणाच्या प्रेमानं बरं होत नाही. प्रेम फार तर शेजारी बसतं.

आणि आता जे बोलायला अवघड आहे ते. मी एकोणीस वर्षांची असताना ज्या प्रेमकथा वाचल्या, त्यांतला नायक विचारायचा नाही. तो मनगट धरायचा. ती 'नको' म्हणायची आणि लेखिका आपल्याला सांगायची की तिच्या मनात 'हो' होतं. शयनगृहाचं दार सताड उघडणाऱ्या आधुनिक रोमान्सची सुरुवात ज्या कादंबरीपासून मोजतात, कॅथलीन वुडिविस यांची 1972 सालची, तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो आणि पुढे त्याच्याशीच तिचं प्रेम जमतं. त्या काळाची एक समजूत सांगतात: चांगल्या घरच्या मुलीनं इच्छा कबूल करायची नाही, म्हणून कथा तिच्यावर इच्छा लादून तिला दोषमुक्त करायची. मला हे कारण समजतं. पण एकोणिसाव्या वर्षी मला कारण माहीत नव्हतं. मी तसली वाक्यं वहीत उतरवून ठेवली होती. 'तू माझी आहेस.' 'तुला दुसऱ्या कुणाशी बोलताना पाहवत नाही.' पुढे एका मुलानं खरोखरच मला असं सांगितलं तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मी हरखले होते. त्यातून बाहेर यायला मला दोन वर्षं लागली.

म्हणून आजच्या 'डार्क' म्हणवणाऱ्या रोमान्सबद्दल माझं मन एका बाजूला ठरत नाही. नायिकेचा फोन तपासणारा, तिच्या मागावर राहणारा, तिला कोंडणारा नायक. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आता इशारे छापलेले असतात, आत काय काय आहे याची यादी, आणि ही पद्धत मला मनापासून आवडते. वाचणाऱ्या बायका म्हणतात, कल्पनेत भोगायचं आणि जगण्यात मागायचं यातला फरक आम्हाला कळतो. चाळिशीनंतर मलाही कळतो. पुस्तक मिटलं की तो नायक मिटतो, लगाम वाचणारीच्या हातात असतो. पण माझी ती वही मी विसरू शकत नाही. बंदी घाला असं मी कधीच म्हणणार नाही. कुणीतरी एकोणीस वर्षांच्या मला भेटून शेजारी दुसरं एक पुस्तक ठेवायला हवं होतं, ज्यात तो दिव्याबद्दल विचारतो.

बंदीवरून आठवतं. डी. एच. लॉरेन्स यांच्या एका कादंबरीवर 1960 साली लंडनमध्ये अश्लीलतेचा खटला चालला. सरकारी वकिलानं ज्युरीला विचारलं, हे पुस्तक तुमच्या बायकोनं किंवा नोकरानं वाचावं असं तुम्हाला वाटेल का? समोरच्या बारा जणांत तीन स्त्रिया बसलेल्या होत्या. ज्युरीनं प्रकाशकाला निर्दोष सोडलं. हा किस्सा मी अनेकदा रंगवून सांगितला आहे, त्या वकिलाला नावं ठेवून. पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा बघताना एकदम जाणवलं की वहिनीला केलेल्या माझ्या फोनमध्ये तोच प्रश्न होता. मी वाचू शकते, वहिनीनं वाचावं का?

मग मी बाविसावं प्रकरण उघडलं. तिनं ते सोडलं नव्हतं. तिथे तर समास भरलेले होते. इंग्रजी तिला येतं, पण शाळेतलं. तिनं शब्दकोश घेऊन वाचलं होतं. आणि तिची अडचण कुठे झाली ते पानापानावर दिसत होतं. शरीराच्या शब्दांवर तिनं अर्थ लिहिलेच नव्हते, नुसते छोटे टिंब दिले होते. मला ते लगेच कळलं. कारण तिथे मराठीत आपल्या हाती काय आहे? एक शब्द डॉक्टरचा, एक पोथीतला, एक शिवीतला. प्रेमानं उच्चारावा असा जवळपास नाहीच. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे, ती आपल्या मराठीची पूर्वज. तिथल्या सातशे गाथांमध्ये बायका आपल्या इच्छेबद्दल सख्यांशी किती सहज बोलतात! सासूची नजर, वाटसरू, पावसाळी रात्र, सगळं त्यात आहे. ती वाट मधे कुठेतरी बुजली, आणि आज मी माझ्या सर्वांत खाजगी भावना इंग्रजीत वाचते. इंग्रजी शब्दाला माझ्या घराचा वास नाही, म्हणून लाज वाटत नाही. आणि वास नाही, म्हणूनच काहीतरी अपुरंही राहतं.

एका शब्दापाशी मात्र वहिनी टिंब देऊन पुढे गेली नव्हती. 'टेंडर'. दिवा लागल्यानंतर तो त्या खुणेला हात लावतो तिथे हा शब्द येतो. तिनं आधी 'कोवळा' लिहिलं आणि खोडलं. मग 'हळुवार', तेही खोडलं. तिसरा शब्द 'दुखरा'. तोही खोडला होता, पण बहुधा नंतर विचार बदलला, कारण त्याच्याखाली पुन्हा, जरा जोर देऊन, 'दुखरा, हळुवार' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले होते. मी इतक्या वर्षांत तो शब्द शेकडो वेळा वाचला असेन. त्यात दुखणं आणि हळुवारपण एकत्र आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दादाला जाऊन सहा वर्षं झाली. तो वाईट माणूस नव्हता. वहिनीला त्यानं कधी काही कमी पडू दिलं नाही, कधी आवाज चढवला नाही, आणि माझ्या माहितीत तरी कधी काही विचारलंही नाही. तो ठरवायचा आणि चांगलंच ठरवायचा. तो गेल्यावर आम्ही सगळे धावून गेलो. मी चार दिवस तिथेच होते. तिला काही करावं लागू नये म्हणून मी कागदपत्रं लावली, फोन घेतले, आणि तिसऱ्या दिवशी दादाचं कपाट रिकामं केलं. शर्ट घड्या करून पिशव्यांत भरले आणि देऊनही टाकले. ते डोळ्यांसमोर राहिले तर तिला त्रास होईल, असं मला वाटलं. ती दारात उभी होती. मी म्हटलं, "तू पड जरा, मी करते." ती गेली आणि पडली. तेव्हा सगळे म्हणाले, पोरीनं किती निभावून नेलं.

पान दोनशे बारा. "हे मी करू, की तू करशील आणि मी नुसता बसू?"

ती रेघ माझ्यासाठी ओढलेली होती असं मी म्हणत नाही. कदाचित ती दादासाठी असेल, कदाचित कुणासाठीच नसेल, नुसतं वाक्य आवडलं असेल. पण बाविसाव्या आणि पंचविसाव्या प्रकरणातला प्रश्न एकच आहे, हे तिला माझ्या आधी दिसलं एवढं नक्की. कारण बाविसाव्यात "दिवा लावू, की असू दे?" याच्याखालीही तशीच रेघ आहे. अख्ख्या पुस्तकात रेघा दोनच.

परवा तिच्याकडे गेले तेव्हा नवीन कादंबरी घेऊन गेले. जाड आहे, चारशे ऐंशी पानं. वाटेत ठरवलं होतं की कपाटाचं बोलायचं. बसलो, इकडचं तिकडचं बोलणं झालं, पुतण्याच्या नोकरीचं, तिच्या गुडघ्याचं. कपाटाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि माझं लक्ष सारखं तिकडे जात होतं. तोंडातून शब्द निघाला नाही. निघताना पुस्तक तिच्या हातात दिलं. कुठलं प्रकरण मोकळं आहे ते यावेळी सांगितलं नाही.

तिनं चष्मा लावला, मागचा मजकूर वाचला, मग शेवटचं पान उघडून तेही वाचलं. मान हलवली.

"चांगलं दिसतंय," ती म्हणाली. मग मुखपृष्ठावरून हात फिरवत म्हणाली, "हे नवं आहे तुझं. पेन्सिलीनं लिहिलं तर चालेल ना?"